कीमिया, हयातियात, अर्जियात : उस्मानियाचा अर्धाच लक्षात राहिलेला धडा

हैदराबादेत तारनाक्याहून हबसीगुड्याकडे निघालं की थोड्याच अंतरात देशातल्या तीन मोठ्या प्रयोगशाळा लागतात. एक रसायनशास्त्राची, एक पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करणारी आणि एक पेशी व रेणूंच्या पातळीवर सजीव समजून घेणारी. तिघींच्या शेजारी उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर.

रसायनशास्त्राची संस्था यांत सर्वांत जुनी. निजाम सरकारनं १९४४ साली ती सुरू केली. पुढे डॉ. सय्यद हुसैन जहीर यांनी तिला आकार दिला. हे उर्दूतले प्रगतिशील लेखक सज्जाद जहीर यांचे थोरले भाऊ. याच संस्थेच्या जीवरसायन विभागातून १९७७ मध्ये डॉ. पुष्प मित्र भार्गव यांच्या नेतृत्वाखाली पेशी-जीवशास्त्राची संस्था, म्हणजे सीसीएमबी, उभी राहिली. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था १९६१ ची. आज या तिन्ही ठिकाणी आणि शेजारच्या विद्यापीठातही विज्ञानाचं काम इंग्रजीत चालतं. पण एके काळी याच विद्यापीठात या तीन शास्त्रांना कीमिया, अर्जियात आणि हयातियात म्हणत, आणि विज्ञानाचा वर्ग उर्दूत भरत असे. त्या प्रयोगाविषयी आपण मराठी वाचक फार कमी बोलतो. बोललोच तर एकच बाजू सांगतो.

१९१७ मध्ये अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. परकी भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची निम्मी ताकद भाषेशी झुंजण्यातच खर्ची पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. फर्मान निघालं आणि १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं. शिक्षणाचं माध्यम उर्दू, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. ही दुसरी अट लोक विसरतात. जगाकडे उघडणारी खिडकी बंद करायची नव्हती, फक्त घरात आपल्या भाषेत बोलायचं होतं. कवी रवींद्रनाथांनीही या कल्पनेचं स्वागत केलं होतं.

उर्दूला हे अगदी नवं नव्हतं. १८४० च्या दशकात दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवत होते. पण तो प्रयत्न १८५७ च्या धामधुमीत विस्कटला. उस्मानियाची झेप फार मोठी होती. इथे पदवीपर्यंतचं विज्ञान, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूत शिकवायची होती. त्यासाठी पुस्तकं हवीत, आणि पुस्तकांआधी शब्द हवेत. म्हणून विद्यापीठाचे वर्ग भरण्याआधीच, १९१७ मध्ये, दारुल तर्जुमा म्हणजे अनुवादाचं खातं उघडलं. त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली.

शब्द घडवण्याची त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. परिभाषेच्या समितीत एका बाजूला त्या त्या शास्त्राचे जाणकार बसत आणि दुसऱ्या बाजूला भाषेचे. शास्त्रज्ञ सांगे, या शब्दाचा नेमका अर्थ इतकाच. भाषापंडित सांगे, हा शब्द जिभेवर बसेल, तो बसणार नाही. शब्द अरबीतून घ्यायचे की फारसीतून, हिंदीतून की सरळ इंग्रजीतून, यावर खडाजंगी होई. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये ‘वज-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तकच या प्रश्नावर लिहिलं. त्यांचा आग्रह असा, की उर्दूची लिपी आणि पुष्कळसे शब्द बाहेरून आले तरी तिचा सांगाडा इथला आहे. गरमपासून ‘गरमाना’ आणि शर्मपासून ‘शरमाना’ करणारी ही भाषा आहे. नवे शब्दही तिच्याच चालीनं घडवावेत. अरबीचा नुसता डोंगर रचू नये.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय लागली आहे. अर्ज म्हणजे पृथ्वी, म्हणून ‘अर्जियात’; आपलं ‘भूशास्त्र’. हयात म्हणजे जीवन, म्हणून ‘हयातियात’, आपलं ‘जीवशास्त्र’. वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, त्या क्रियेला उर्दूत ‘जियाई तालीफ’ म्हणतात. जिया म्हणजे प्रकाश आणि तालीफ म्हणजे जुळणी. मराठीतलं ‘प्रकाशसंश्लेषण’ अगदी याच बांधणीचं आहे. आणि ‘कीमिया’? तो तर आपल्या घरातच राहतो. मराठीतली ‘किमया’ आणि ‘किमयागार’ त्याच अरबी शब्दाची लेकरं. तिकडे उर्दूत मात्र ‘पारा’ हा पाराच राहिला, आणि तो आला संस्कृत ‘पारद’मधून. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं एकदम सावरून बसतात. दोन अवघड शब्दांचा मिळून एक सोपा अर्थ त्यांना सापडलेला असतो.

दारुल तर्जुमातून शेकडो पुस्तकं निघाली. डॉक्टर, अभियंते, रसायनशास्त्राचे पदवीधर उर्दूत शिकून बाहेर पडले आणि आपापल्या कामात कुठे अडले नाहीत. आपल्या मातीतल्या भाषेत वरच्या दर्जाचं विज्ञान शिकवता येतं, हे इथे सिद्ध झालं. हा धड्याचा एक भाग.

दुसरा भाग मराठवाड्याच्या वाट्याचा आहे, आणि तो आम्ही उर्दूवाल्यांनी टाळून चालणार नाही. हैदराबाद संस्थानात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलत आणि सुमारे चौथा हिस्सा मराठी. कन्नड बोलणारेही लाखांनी होते. उर्दू ज्यांची घरची भाषा, ते दहांत जेमतेम एक. मग हैदरींचा ‘परकी भाषेचं ओझं’ हा युक्तिवाद बीड-परभणीच्या मराठी मुलानं कुणाकडे मांडायचा? त्याच्यासाठी इंग्रजी जितकी परकी, जवळपास तितकीच उर्दू. ज्या तत्त्वावर विद्यापीठ उभं राहिलं, ते तत्त्व बहुसंख्य प्रजेला लागू झालं नाही. अन्याय होता तो इथे.

ही खदखद १९३८ मध्ये वर आली. तेव्हाच्या औरंगाबादच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला आणि आंदोलन हैदराबादेत उस्मानियापर्यंत पोचलं. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना दार उघडलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच एक. आणि याच औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम वर्षानुवर्षं चालवलं होतं. एकाच शहरात एक भाषा फुलत होती आणि दुसरी गुदमरत होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि उर्दू माध्यम गेलं. पण तिच्या जागी तेलुगू, मराठी, कन्नड आली नाही. आली इंग्रजी. १९५८ मध्ये मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. तिथेही विज्ञान इंग्रजीतच राहिलं. अन्यायाबरोबर आपण तो सिद्ध झालेला प्रयोगही गाडून टाकला.

याची किंमत काय, ते पाहायला लांब जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं. हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. त्याआधी वर्षभर, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, तिथे लहान धक्के बसले होते. दख्खनचा हा भाग स्थिर मानला जात होता. नंतर हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं किल्लारीत खोल छिद्र घेतलं. सुमारे ३४० मीटर काळ्या बेसॉल्टच्या थरांखाली अतिप्राचीन खडक लागला. जगभरच्या अभ्यासकांनी त्यावर निबंध लिहिले, सगळे इंग्रजीत. ज्यांच्या पायाखालची ती जमीन, त्यांच्या भाषेत ते ज्ञान वर्तमानपत्राच्या चार ओळींपुरतंच पोचलं. आपल्या घराखाली काय आहे, हे आपल्या भाषेत कळणं ही चैन नाही.

आमच्यातले काही जण उस्मानियाचं नाव निघालं की नुसता अभिमान मिरवतात. काही जण नुसता राग. मला दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहायचे आहेत. मातृभाषेत विज्ञान शिकवता येतं, हे खरं. आणि दुसऱ्याच्या मातृभाषेवर बसून शिकवलं तर ते टिकत नाही, हेही खरं. बालभारती आज मराठीतही विज्ञानाची पुस्तकं काढते आणि उर्दूतही. हैदराबादेतच १९९८ मध्ये मौलाना आझाद यांच्या नावानं उर्दू विद्यापीठ निघालं. म्हणजे दार अजून पूर्ण बंद नाही. शास्त्राचा जाणकार आणि भाषेचा जाणकार एका टेबलाशी बसवायची ती जुनी रीत मराठीनंही उचलावी, आणि त्या टेबलाशी उर्दूला एक खुर्ची द्यावी. शब्द उसने घ्यायला आपल्या दोघींना काही नवं नाही.