साचा कोणाचा, आवाज कोणाचा? मालिकांतून जन्मलेल्या बँडचा इतिहास

१/
फेब्रुवारी २००९. झी मराठीवरील ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी पार पडली आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. एका बाजूस पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूस चाकण आणि मध्ये इंद्रायणीकाठची आळंदी. कारखान्यांनी वेढलेल्या या तीर्थक्षेत्रातील एका मुलीने अभंग आणि गवळणींच्या बळावर अवघा महाराष्ट्र जिंकला होता.

२/
अशा स्पर्धांचा अलिखित नियम असा की एक जिंकतो आणि उरलेल्यांची नावे वर्षभरात पुसली जातात. येथे तसे घडले नाही. कार्तिकीसह पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत अशी पाचही मुले ‘पंचरत्न’ या नावाने एकत्र ओळखली जाऊ लागली.

३/
दूरचित्रवाणीने पडद्यासाठी जमवलेली मुले पडद्याबाहेर एक संच म्हणून गाऊ लागतात, हा प्रकार जगाला नवा नव्हता. त्याचा इतिहास सुमारे साठ वर्षांचा आहे आणि त्यात एकच भांडण पुन्हा पुन्हा दिसते : असा बँड नेमका कोणाचा? ज्याने तो जमवला त्याचा, की जे त्यात गातात त्यांचा? या धाग्यात त्या भांडणाचा माग काढू.

४/
आरंभ अमेरिकेत. सप्टेंबर १९६६ मध्ये एनबीसी वाहिनीवर ‘द मंकीज’ ही विनोदी मालिका सुरू झाली. विषय होता प्रसिद्धीसाठी धडपडणारा एक बँड. चार तरुण चाचणी घेऊन निवडले गेले. मिकी डोलेन्झ आणि डेव्ही जोन्स यांना अभिनयाचा अनुभव होता, तर माइक नेस्मिथ आणि पीटर टॉर्क मुळात वादक होते. मालिका खोट्या बँडची होती, पण तिच्यातील गाण्यांचा खप अगदी खरा होता.

५/
अडचण अशी की पहिल्या दोन अल्बममधील वाद्ये प्रामुख्याने स्टुडिओतील व्यावसायिक वादकांनी वाजवली होती. संगीताची सूत्रे डॉन कर्शनर यांच्या हाती होती. दुसरा अल्बम तर कलाकारांना न विचारताच बाजारात आला. नेस्मिथ यांनी हा प्रकार वृत्तपत्रांसमोर उघड केला. अखेर १९६७ च्या आरंभी कर्शनर यांना दूर व्हावे लागले.

६/
मे १९६७ मध्ये ‘हेडक्वार्टर्स’ हा अल्बम आला. त्यात वाद्ये मुख्यतः त्या चौघांनीच वाजवली होती आणि तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. नाटकातल्या राजाने खरोखरच राज्य मागावे आणि ते त्याला मिळावे, असा हा प्रसंग होता.

७/
कर्शनर यांनी यातून निराळा धडा घेतला. त्यांचा पुढचा बँड होता ‘द आर्चीज’, म्हणजे चक्क कार्टूनमधील पात्रे! पडद्यामागे पगारी गायक गात होते. १९६९ मध्ये या बँडचे ‘शुगर, शुगर’ हे गाणे अमेरिकेत चार आठवडे अग्रस्थानी राहिले. चित्रातली माणसे हट्ट धरत नाहीत आणि वृत्तपत्रांकडेही जात नाहीत.

८/
आता थेट २००२ चा अर्जेंटिना. डिसेंबर २००१ मध्ये तेथील अर्थव्यवस्था कोसळली होती. लोकांना बँकेतील स्वतःचेच पैसे काढता येत नव्हते. अवघ्या दोन आठवड्यांत देशाने पाच राष्ट्राध्यक्ष पाहिले. त्यानंतर काही महिन्यांतच निर्मात्या क्रिस मोरेना यांची ‘रेबेल्दे वे’ ही मालिका आली. श्रीमंतांची निवासी शाळा, तिच्यात शिष्यवृत्तीवर आलेली मुले आणि त्या मुलांना हुसकावू पाहणारी एक गुप्त टोळी.

९/
कथेतील चौघे मिळून बँड काढतात : एर्रेवे. स्पॅनिशमध्ये ‘र’ या अक्षराचे नाव ‘एर्रे’. म्हणजे बँडचे नावही मालिकेच्याच नावातून कापून काढलेले. फेलिपे कोलोम्बो, लुइसाना लोपिलातो, कामिला बोर्दोनाबा आणि बेंजामिन रोहास यांचा हा संच पडद्याबाहेरही दौरे करू लागला. तीन अल्बम आले, २००४ मध्ये चित्रपट आला आणि पार इस्रायलपर्यंत चाहते निर्माण झाले.

१०/
आणि मग या कथेचा साचा विकला जाऊ लागला. भोसरी-चाकणमध्ये ज्यांच्या घरचे कोणी प्रेस शॉपमध्ये काम करते, त्यांना हा व्यवहार चटकन समजेल. सुटा भाग छोटा कारखाना पाडतो, परंतु डाय बहुधा मोठ्या कंपनीच्या मालकीची असते. ऑर्डर थांबली की डाय परत जाते. भाग पाडणाऱ्याजवळ कौशल्य उरते, पण तो भाग पुन्हा पाडण्याचा अधिकार उरत नाही.

११/
या साच्यातून निघालेला सर्वांत मोठा भाग मेक्सिकोत पडला. ऑक्टोबर २००४ मध्ये तेलेविसाने ‘रेबेल्दे’ सुरू केली. निर्माते होते पेद्रो दामियान. बँडचे नाव आरबीडी, म्हणजे पुन्हा मालिकेच्याच नावातील अक्षरे. अनाही, दुल्से मारिया, माइते पेर्रोनी, अल्फोन्सो एर्रेरा, क्रिस्तियान चावेझ आणि क्रिस्तोफर उकरमान असे सहा जण. मालिकेचे ४४० भाग झाले. ब्राझीलमधील चाहत्यांसाठी तर याच गाण्यांचे पोर्तुगीज अल्बमही निघाले.

१२/
या लाटेचा काळा दिवस ४ फेब्रुवारी २००६ हा होता. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे एका व्यापारी संकुलाच्या वाहनतळावर आरबीडीच्या स्वाक्षऱ्यांचा कार्यक्रम ठेवला होता. तेथील चेंगराचेंगरीत तिघांचा मृत्यू झाला. किशोरवयीन प्रेमाचा बाजार उभारणे सोपे असते. त्या प्रेमाची गर्दी झाल्यावर तिची काळजी वाहणे अवघड, आणि तीच बाजू हिशेबात सर्वांत शेवटी येते.

१३/
मालिका २००६ मध्ये संपली, तरी बँड आणखी दोन वर्षे टिकला. डिसेंबर २००८ मध्ये माद्रिदमध्ये अखेरचा कार्यक्रम झाला. पुढे दीर्घ काळ आरबीडीची गाणी डिजिटल मंचांवर अधिकृतपणे उपलब्धच नव्हती. ज्यांनी ती गायली त्यांना ती खुली करता येत नव्हती आणि ज्यांनी ती पाठ केली त्यांना ती विकत घेता येत नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये ती परतली आणि तिशीतल्या श्रोत्यांनी त्यांचे उत्सवासारखे स्वागत केले.

१४/
२०२३ मध्ये सहांपैकी पाच जण पुन्हा एकत्र आले. अल्फोन्सो एर्रेरा यांनी अभिनयाचीच वाट धरली होती. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात अमेरिका, ब्राझील, कोलंबिया आणि मेक्सिकोतील मोठमोठ्या मैदानांवर पन्नासहून अधिक कार्यक्रम झाले. मालिकेसाठी केलेला बँड मालिका संपल्यानंतर सतरा वर्षांनी मैदाने भरत होता. त्याला परत आणणारी शक्ती श्रोत्यांची स्मृती हीच होती.

१५/
हाच साचा मुंबईतही आला होता, तोही मेक्सिकोच्या जवळजवळ बरोबरीने. नोव्हेंबर २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर ‘रिमिक्स’ ही हिंदी मालिका सुरू झाली. श्वेता गुलाटी, प्रिया वाल, राज सिंग अरोरा आणि करण वाही हे तिचे चार चेहरे. शाळा, श्रीमंती, शिष्यवृत्ती, बँड हे सारे तेच. २००४ ते २००६ या काळात शाळा-कॉलेजात असलेल्या अनेकांना ती आजही आठवते.

१६/
मग आपल्याकडे आरबीडी का घडला नाही? मालिका संपली आणि बँडही थांबला. याचे मोठे कारण आपल्या संगीताच्या बाजारात आहे, असे मला वाटते. येथे लोकप्रिय गाणे म्हणजे बहुतांशी चित्रपटाचे गाणे. ‘पॉपस्टार्स’ या कार्यक्रमातून २००२ मध्ये निवडला गेलेला ‘विवा’ हा मुलींचा बँडही फार काळ टिकला नाही. साचा आयात करता येतो, पण बाजार आयात करता येत नाही.

१७/
आता पुन्हा आळंदीकडे येऊ. ‘पंचरत्न’ हाही वाहिनीनेच जमवलेला मेळ होता. पल्लवी जोशी यांचे सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते व वैशाली सामंत यांचे परीक्षण आणि प्रत्येक भागाची आखणी या साऱ्यांतून त्या पाच मुलांच्या प्रतिमा घडल्या. पण एक मूलभूत फरक होता. ही मुले कोणाचीही भूमिका करत नव्हती. ती पडद्यावरही स्वतःच्याच नावाने उभी होती.

१८/
शिवाय त्यांचे गाणे वाहिनीच्या आधीचे होते. कार्तिकीचे गुरू तिचे वडील कल्याणजी गायकवाड. तिच्या आवाजामागे वारकरी परंपरेचे भजन होते आणि ते कोणत्याही करारात लिहून घेता येण्याजोगे नव्हते. कार्यक्रम संपल्यावर वाहिनीकडे चित्रीकरण राहिले, आवाज मात्र घरी परतला.

१९/
तरीही ही गोष्ट केवळ गोड करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाचांत सर्वांत लहान असलेली मुग्धा तेव्हा प्राथमिक शाळेच्या वयाची होती. मुलांचे चित्रीकरण किती तास चालावे, मिळालेले पैसे कोणाचे, हे प्रश्न त्या काळी मोकळेच होते. बालहक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे त्यानंतर आली. २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांपुरते मर्यादित केले आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक केले.

२०/
२०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’चे नवे पर्व आले, तेव्हा तीच पाच मुले मोठी होऊन परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसली होती. समोर नवी मुले गात होती. मंकीज यांनी भांडून जे मिळवले आणि आरबीडीच्या श्रोत्यांनी वाट पाहून जे परत आणले, ते या पाच जणांपाशी पहिल्यापासून होते : स्वतःचे नाव.

२१/
यापुढे एखादी वाहिनी, एखादे अ‍ॅप किंवा एखादी कंपनी नवा बँड घेऊन तुमच्यासमोर येईल, तेव्हा गाणे अवश्य ऐका. कृत्रिम जन्माचा बँड खोटाच असतो असे नाही, हे आपण पाहिले. मात्र एक प्रश्न जरूर विचारा : उद्या कार्यक्रम बंद पडला, तर या मुलांच्या हाती काय उरेल? साचा मालकाकडे परत जाणारच आहे. आवाज कोणाकडे राहतो, ते पाहायचे.

(धागा समाप्त)