वसईचा तह आणि देवीची लस

श्रोतेहो, सन १८०२ म्हटले की शाळेत एकच गोष्ट सांगतात. ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला वसईचा तह. पण त्याच साली १४ जूनला, वसईच्या खाडीपलीकडे मुंबईत, आणखी एक गोष्ट घडली. ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढल्या. हिंदुस्थानात ही लस लागू पडलेली ती पहिली व्यक्ती.

त्या काळी गावात देवी आल्या की घरोघर धास्ती बसे. कुणाचे डोळे जात, कुणाचा जीव जाई. वाचला त्याच्या तोंडावर वण उरत. शीतळादेवीचे देऊळ आपल्या केळव्यातही आहे. तिला नवस बोलण्यापलीकडे आयाबायांच्या हाती फारसे काही नसे. इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने १७९६ साली दाखवून दिले की, गाईच्या सडांवरील फोडांची लस टोचली म्हणजे माणसाला देवी येत नाहीत. तेव्हा बर्फाची पेटी कुठली? ही लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस पोहोचली.

आता लस करते काय? विषाणूला स्वतःची चूल नसते. तो आपल्या शरीरातील पेशीत शिरतो आणि तिच्याच शिध्यावर आपल्यासारखे कितीतरी तयार करतो. शिरायला मात्र दाराच्या कुलपाला किल्ली बसावी लागते. कोरोनाच्या विषाणूच्या अंगावरचे काटे ही त्याची किल्ली. आपल्या पेशींवरचे ‘एसीई-२’ हे प्रथिन म्हणजे कुलूप. लस घेतली की शरीर प्रतिपिंडे तयार करते. ती किल्लीलाच चिकटतात. मग कुलूप उघडत नाही.

औषधेही अशाच जागा हेरतात. एड्सच्या विषाणूला २००७ साली आलेले ‘मॅराव्हिरॉक’ दारातच अडवते. नागिणीवरचे ‘ॲसायक्लोव्हिर’ आत शिरलेल्या विषाणूची नक्कल निघू देत नाही. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा दिलेले ‘ऑसेल्टामिव्हिर’ नवे विषाणू बाहेर सुटू देत नाही. पण ही औषधे लवकर सुरू करावी लागतात. नागिणीत पहिल्या तीन दिवसांत, फ्लूमध्ये पहिल्या दोन दिवसांत. घर भरल्यावर चोर हुसकणे कठीणच!

आणि देवी? मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. ८ मे १९८० रोजी जगातूनच देवी गेल्याचे जाहीर झाले. देवीवरचे ‘टेकोव्हिरिमॅट’ हे औषध अमेरिकेत मंजूर झाले २०१८ साली. रोग घालवला लसीने. औषध आले ३८ वर्षांनी!

तेव्हा गुरुजी, वसईचा तह शिकवाल त्या दिवशी फळ्यावर १४ जून १८०२ हीही तारीख लिहा. आणि मायबहिणींनो, तान्ह्याची गोवराची लस किंवा पोलिओचा डोस राहिला असेल, तर उद्याच आरोग्य केंद्रात जाऊन या.