पुण्यातील झेडएफएस आणि फाइल सिस्टीममधील दोषांचा माग

डिस्कवर कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कोठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या आणि मागणी होताच तो काढून देणाऱ्या प्रणालीला फाइल सिस्टीम म्हणतात. इतर प्रोग्राममध्ये बग, म्हणजे रचनेतला दोष, राहिला तर बहुधा तो प्रोग्राम बंद पडतो. फाइल सिस्टीममधला दोष मात्र जपून ठेवलेला मजकूर गुपचूप नासवतो, आणि तो उघडकीस येईपर्यंत नासलेल्या मजकुराच्याच पुढच्या प्रती निघालेल्या असतात.

सन मायक्रोसिस्टिम्सने 2005 मध्ये मुक्त स्रोत म्हणून, म्हणजे कोड सर्वांना वाचण्यास व बदलण्यास खुला ठेवून, प्रसिद्ध केलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा अंक, त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवला जातो, त्यामुळे डिस्कची चूक वाचतानाच कळते. ही प्रणाली लिनक्सवर आणण्याचे काम कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने 2008 मध्ये सुरू केले. पण प्रयोगशाळेची गरज महासंगणकांसाठीच्या लस्टर या साठवण प्रणालीची असल्याने, सामान्य प्रोग्रामना फाइली उघडता याव्यात यासाठी लागणारा पॉझिक्स थर मागे राहिला. ही उणीव 2010 मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने प्रयोगशाळेच्याच कोडवर पुढचे काम करून भरून काढली.

हे काम अवघड होते, कारण लिनक्स वाचलेली पाने स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवते आणि झेडएफएसचा कॅश निराळाच असतो. एकच फाइल दोन्हीकडे असताना एका प्रतीतला बदल दुसरीत उतरला नाही, तर वाचणाऱ्याच्या हाती शिळा मजकूर पडतो. जानेवारी 2011 मध्ये केक्यूची आवृत्ती जाहीर झाली, एप्रिलमध्ये एसटेक या कंपनीने केक्यू विकत घेतली आणि तेथील झेडएफएसचे काम थांबले. कोड खुला असल्यामुळे मात्र ते वाया गेले नाही. प्रयोगशाळेच्या आवृत्तीत ते सामावले गेले आणि ती आवृत्ती मार्च 2013 मध्ये स्थिर म्हणून प्रसिद्ध झाली.

अशा खुल्या कोडमधला दोष शोधणे किती चिवट काम असते, हे नोव्हेंबर 2023 मध्ये दिसले. जेंटू लिनक्सवर गो भाषेची साधने बसवताना नक्कल झालेल्या फाइलींत मजकुराच्या जागी शून्ये आढळली. संशय झेडएफएसच्या 2.2.0 आवृत्तीतल्या ब्लॉक क्लोनिंग, म्हणजे मजकूर पुन्हा न लिहिता नक्कल करण्याच्या, नव्या सोयीवर गेला आणि 2.2.1 मध्ये ती बंद करण्यात आली, तरी बिघाड होतच राहिला. खरा दोष अनेक वर्षे जुना निघाला: नुकतीच लिहिलेली, पण डिस्कवर न पोहोचलेली फाइल क्षणभर प्रणालीला बदल न झालेली वाटे, आणि नक्कल करणाऱ्या आज्ञेने फाइलमधल्या रिकाम्या जागा विचारल्या की मजकूर असलेली जागाही रिकामी म्हणून सांगितली जाई. चुकीच्या प्रतीचा चेकसम त्या प्रतीशी जुळतच असल्याने पडताळणी येथे निरुपयोगी ठरली. अनेक देशांतल्या वापरकर्त्यांनी तो क्षण पुन्हापुन्हा घडवून दाखवल्यावर महिनाअखेरीस 2.2.2 व 2.1.14 या आवृत्त्यांत दुरुस्ती आली.

पुण्याच्या संगणक उद्योगाचा इतिहास लिहिताना सेवा-निर्यातीच्या आकड्यांइतकीच जागा केक्यूच्या या कामाला द्यायला हवी.