मानेतली धमनी आणि नदीचा पूर

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. यजमानांचं मानेतल्या कॅरोटिड धमनीचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले. हातात रक्ताचा रिपोर्ट, त्यात सीआरपी वाढलेलं. "सर, म्हणजे आता यांना पक्षाघात होणार का?" मी तत्त्वज्ञानाचा माणूस, वैद्य नव्हे. पण प्रश्न अनुमानाचा होता, म्हणून आज त्याचाच इतिहास बघू.

कॅरोटिड हे नाव ग्रीक, गुंगी आणणारी अशा अर्थाचं. ही धमनी दाबली की भान हरपतं, हे प्राचीनांना ठाऊक होतं. तरी पक्षाघाताचं मूळ शोधायचं ते मेंदूतच, ही सवय फार काळ टिकली. 1951 मध्ये मिलर फिशर यांचा निबंध आला. त्यांनी शवविच्छेदनं केली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रुग्णांच्या हकिगती ऐकल्या. आधी एका डोळ्यापुढे काही क्षण अंधारी, पुढे विरुद्ध बाजूचा हातपाय लुळा. या दोन्हींना जोडणारी जागा मानेत निघाली.

मग लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, 19 मे 1954. 66 वर्षांच्या एका बाईंना काही महिन्यांत 33 झटके येऊन गेलेले. ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांच्या चमूनं त्यांचं शरीर बर्फानं थंड केलं, धमनीचा खराब तुकडा कापला आणि टोकं जोडली. झटके थांबले. (ह्यूस्टनच्या डीबेकींनी 1953 मध्येच आतला थर काढला होता, पण ती हकिगत छापली 1975 मध्ये. पहिला मान कुणाचा, तो वाद डॉक्टरांना लखलाभ.)

उपयोग किती, हे आकड्यांत कळायला 1991 उजाडलं. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आधी लक्षणं आलेले आणि धमनी 70 टक्क्यांहून जास्त चोंदलेले रुग्ण घेतले होते. दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक नुसत्या औषधांवर 26 टक्क्यांना, ऑपरेशननंतर 9 टक्क्यांना. शंभरातले सतरा वाचले. पण हे नऊ कोण? त्यातल्या बऱ्याच जणांना तर ऑपरेशनच्या आसपासच झटका आलेला. ते आधी ओळखू यावेत म्हणून रक्तातल्या खुणा शोधणं सुरू झालं.

सीआरपी सापडलं होतं 1930 मध्ये, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. 1997 मध्ये रिडकर यांनी दाखवलं की वरवर निरोगी पुरुषांतही ज्यांचं सीआरपी सर्वांत वरच्या गटात, त्यांना स्ट्रोकचा धोका खालच्या गटाच्या दुप्पट. लोकांना वाटलं, गुन्हेगार सापडला. पण 2008 मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासात, जनुकांमुळेच सीआरपी जास्त असलेल्यांना धोका जास्त दिसला नाही.

इथे मला न्यायसूत्रं आठवतात. ढग बघून पाऊस येणार म्हणणं हे पूर्ववत् अनुमान. नदीला गढूळ पूर बघून वर कुठेतरी पाऊस झाला म्हणणं हे शेषवत्. सीआरपी म्हणजे पूर, आपण त्याला ढग समजून बसतो. ऑपरेशननंतर तर चीर हाच पाऊस! कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत ते शिगेला जातं, मग उतरतं.

एस100बी नावाचं प्रथिन मेंदूला इजा झाली की रक्तात येतं, म्हणून या ऑपरेशननंतर तेही मोजून पाहिलं गेलं. पण ते चरबीच्या पेशींतही असतं, त्वचेच्या रंगपेशींतही. पूर कुठल्या ओढ्याचा, ते नुसत्या पाण्याच्या पातळीवरून कसं सांगणार?

त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, "रिपोर्ट सर्जनना दाखवा, रक्त कितव्या दिवशी घेतलं तेही सांगा. आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा." त्यांनी ते रिपोर्टच्या मागेच लिहून घेतलं.