अनुरेखन, आरेखन, संकल्पन : शाळेपासून महाविद्यालयापर्यंतच्या एका मार्गाचे विवेचन

१. संज्ञानिश्चिती

शालेय चित्रकलेच्या तासापासून महाविद्यालयातील संकल्पनशिक्षणापर्यंत जाणाऱ्या मार्गाचा विचार करावयाचा तर प्रथम चार संज्ञांचे अर्थ ठरवले पाहिजेत.

(१) अनुरेखन म्हणजे तयार असलेल्या आरेखाची अचूक प्रत काढणे. (२) आरेखन म्हणजे उभ्या असलेल्या किंवा ठरलेल्या वस्तूचे, मोजमापांवर आधारलेले प्रमाणबद्ध रेखारूप तयार करणे. (३) संकल्पन म्हणजे जी वस्तू अद्याप नाही तिचे रूप, माप व सामग्री कारणांसह ठरवणे. (४) मार्ग म्हणजे असा क्रम, ज्यात मागील टप्प्यावर मिळवलेले ज्ञान पुढील टप्प्यावर जमेस धरले जाते. संस्था एकापुढे एक उभ्या असल्या म्हणजे मार्ग झाला, असे या व्याख्येनुसार म्हणता येत नाही.

चित्र आणि आरेख यांतील भेदही येथेच नोंदवावा. चित्र पाहणाऱ्याला प्रतीती देते. आरेख करणाऱ्याला आज्ञा देतो. चित्रातून दोन अर्थ निघाले तर तो त्याचा गुण ठरू शकतो. आरेखातून दोन अर्थ निघाले तर गवंडी दोनांपैकी चुकीची भिंत बांधू शकतो, म्हणून तो दोषच होय.

वरील पहिल्या दोन संज्ञा शासकीय व्यवहारात रूढ आहेत. जलसंपदा विभागात अनुरेखक, सहायक आरेखक व आरेखक अशी पदे आहेत. तिसऱ्या संज्ञेचा प्रवास अधिक बोधप्रद आहे. शासकीय रेखाकला परीक्षेत ‘संकल्पचित्र’ नावाची प्रश्नपत्रिका असते. तीत विद्यार्थी चौकोनात किंवा वर्तुळात फुलापानांची नक्षी रचतो. नाशिक येथे धरणांचे आराखडे ठरवणाऱ्या शासकीय संस्थेचे नाव ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ असे आहे. मार्गाची दोन टोके भाषेने एकाच शब्दात बांधली आहेत. शिक्षणव्यवस्थेने ती कितपत बांधली आहेत, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२. क्षेत्र

विवेचनासाठी बीड तालुक्यातील पाली हे गाव घेतले आहे. ते बीडच्या दक्षिणेस, सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. निवडीचे कारण असे की आरेखनाचे दोन श्रेष्ठ पाठ या परिसरात जमिनीवरच उपलब्ध आहेत. एक, बीड व पाली यांच्या दरम्यानची खजाना विहीर. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे १५८३ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. तिचा रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. दुसरा पाठ पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प, विसाव्या शतकातील. एका ठिकाणी पाणी भुयारी मार्गाने खेळवले आहे, दुसऱ्या ठिकाणी बांध घालून अडवले आहे. दोन्ही ठिकाणी मुख्य रचना जमिनीखाली किंवा भरावाच्या आत आहे. वरून पाहणाऱ्यास ती दिसत नाही.

३. ज्ञानाचे तीन स्तर

संज्ञांचा क्रम व क्षेत्राचे स्वरूप यांवरून या विद्येचे तीन स्तर निष्पन्न होतात : दृष्ट, अदृष्ट आणि अनागत.

(अ) दृष्ट. समोर असलेले मोजून कागदावर आणणे हा पहिला स्तर. उदाहरणार्थ, बारा फूट बाय दहा फूट आतील मापाची खोली घेऊ. मीटरमध्ये ती ३.६६ बाय ३.०५ भरते. १:५० या प्रमाणाने ती कागदावर ७३.२ मिलिमीटर बाय ६१ मिलिमीटर होते. तीन फुटी दार सुमारे १८ मिलिमीटर जागा घेते. येथपर्यंतचे काम आठवीचा विद्यार्थी त्रैराशिकाने करतो. त्याची चूक पुढे होते : भिंत तो एकाच रेषेने दाखवतो. नऊ इंची भिंतीला जाडी आहे, ती या प्रमाणात ४.६ मिलिमीटर भरते आणि तिला दोन रेषा लागतात. पहिली रेषा खोली दाखवते, दुसरी बांधकाम दाखवते. ज्या दिवशी विद्यार्थी दुसरी रेषा स्वतःहून काढतो त्या दिवशी त्याचे चित्र संपून आरेखन सुरू होते.

(आ) अदृष्ट. न दिसणारे बुद्धीने कापून दाखवणे हा दुसरा स्तर. त्याचे साधन छेद, ज्याला कामावरची माणसे सेक्शन म्हणतात. खजाना विहिरीचे तलचित्र काढले तर हाती जवळजवळ एक वर्तुळ येते. पाणी कोणत्या उंचीवर आत येते, कोणत्या उंचीवरून बाहेर पडते आणि मधल्या भुयाराला उतार किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वर्तुळात नाही. उभा छेद घेतला म्हणजे तिन्ही उत्तरे एका कागदावर येतात. मातीच्या धरणाचेही तसेच आहे. बाहेरून दिसतो तो दगडी पिचिंगचा उतार. आतला अभेद्य गाभा, त्याभोवतीचे आवरण आणि निचऱ्याची व्यवस्था छेदातच कळते.

(इ) अनागत. जे अद्याप नाही ते ठरवणे हा तिसरा स्तर. छेद हाती आला की एक प्रश्न विचारता येतो : बाहेर जाणारे भुयार हातभर वर घेतले असते तर काय झाले असते? विहिरीतील पाण्याची पातळी वाढली असती आणि खालचे शिवार तितक्या प्रमाणात पाण्याला मुकले असते. या उत्तरासाठी केवळ रेषा पुरत नाही, कारण लागते. कारणासह घेतलेला निर्णय म्हणजेच संकल्पन.

यावरून सिद्ध होते की दुसरा स्तर हा पहिल्या व तिसऱ्या स्तरांतील सेतू आहे. ज्याला छेद कळत नाही तो अनुरेखक राहतो. ज्याला कळतो त्याच्यासाठी संकल्पनाचे दार उघडते. म्हणून मार्गाची परीक्षा एकाच प्रश्नाने करता येते : विद्यार्थ्याला छेद कोठे शिकवला जातो आणि तो शिकल्याची नोंद पुढे कोण वाचतो?

४. उपलब्ध टप्पे

महाराष्ट्रात टप्प्यांची उणीव नाही. (१) शाळेत कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट. (२) दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, आरेखक स्थापत्य किंवा आरेखक यांत्रिकी हा दोन वर्षांचा व्यवसाय. (३) तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका. शासकीय तंत्रनिकेतन बीड शहरातच आहे. (४) अभियांत्रिकीची चार वर्षांची किंवा वास्तुशास्त्राची पाच वर्षांची पदवी.

टप्प्यांना जोडणारे नियमही आहेत. आयटीआय उत्तीर्णाला पदविकेच्या व पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळू शकतो. वास्तुशास्त्रासाठी बारावीखेरीज गणितासह केलेली पदविकाही चालते. प्रवेशपरीक्षा मात्र द्यावी लागते.

दहावीनंतरची वर्षे मोजली तर तीन वाटा अशा दिसतात. बारावी व पदवी : २ + ४ = ६. पदविका व पदवी : ३ + ३ = ६. आयटीआय, पदविका व पदवी : २ + २ + ३ = ७. तिसरी वाट एका वर्षाने लांब आहे. परंतु पदवीपूर्वी पहिल्या वाटेवर व्यवसायाचे प्रमाणपत्र एकदाही हाती येत नाही, दुसरीवर एकदा येते, तिसरीवर दोनदा. ज्या घराला सहा वर्षे सलग शिकवण्याची खात्री देता येत नाही, त्या घराच्या दृष्टीने ते जादा वर्ष म्हणजे विम्याचा हप्ता होय.

५. सांध्यांची चिकित्सा

टप्पे असून मार्ग का होत नाही, याचे उत्तर टप्प्यांत न शोधता सांध्यांत शोधले पाहिजे. सांधे चार आहेत.

(१) विषयाचा सांधा. दहावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात समरूपता, भौमितिक रचना, त्रिकोणमिती व महत्त्वमापन ही प्रकरणे आहेत. समरूपता हा प्रमाणाचा सिद्धान्त आहे, भौमितिक रचना ही आरेखनाची कृती आहे. इंटरमिजिएट परीक्षेत घनभूमितीही असते, तीत घनवस्तूंचे प्रक्षेप काढावे लागतात. म्हणजे सिद्धान्त गणिताच्या तासाला आणि प्रक्षेप चित्रकलेच्या तासाला, अशी एकाच विद्येची वाटणी झाली आहे. दोन शिक्षकांना परस्परांच्या वह्या पाहण्याचे कारण पडत नाही. परीक्षेचे फळही अन्यत्र जाते. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीत ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. ते एकूण टक्केवारीत मिसळतात. विद्यार्थ्याला प्रक्षेप येतो ही माहिती त्या बेरजेत विरून जाते आणि पुढील संस्थेपर्यंत पोहोचत नाही.

(२) गणिताचा सांधा. आयटीआयमधून पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाचे गणित वगळून येतो. त्याचा हात वर्गात सर्वांत सफाईदार असतो, परंतु बलांच्या गणनेपाशी तो अडतो. नियमाने दार उघडले; पायरी मात्र बांधली नाही.

(३) भाषेचा सांधा. शाळेत जे तलचित्र, दर्शनी रूप व छेद, ते पदविकेत प्लॅन, एलिव्हेशन व सेक्शन होते. हा भेद शब्दांचा आहे, विषयाचा नव्हे. तरीही मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला आपण काहीच शिकलो नव्हतो असे वाटू लागते. वास्तविक आरेखाची लिपी भाषानिरपेक्ष आहे. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांतील अभियांत्रिकी आरेखनासाठी एस.पी. ४६ ही पुस्तिका १९८८ मध्ये काढली. तीतील रेषांचे प्रकार आणि मापे लिहिण्याची रीत आठवीपासून पाळली, तर पुढे फक्त नावे बदलतील.

(४) साधनाचा सांधा. ऑटोकॅड ही संगणकप्रणाली १९८२ मध्ये बाजारात आली. आज ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर यांचे बहुतेक काम संगणकाने घेतले आहे. येथे एक भ्रम उत्पन्न होतो की आज्ञा पाठ झाल्या म्हणजे आरेखन आले. संगणक दुसरी रेषा ४.६ मिलिमीटरवर बिनचूक काढतो. ती काढली पाहिजे हे तो सांगत नाही. छेदरेषा कोठून घ्यावी हा निर्णय कोणत्याही मेनूत नाही. म्हणून साधनाचा क्रम असा असावा : प्रथम फूटपट्टी व कर्कटक, नंतर संगणक.

६. पूर्वोदाहरण

मार्गाची शक्यता एका चरित्राने पडताळता येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. त्यांच्या दृष्टीत रंगभेद ओळखण्याचा दोष असल्याचे तेथे आढळले आणि रंगचित्रण सुटले. त्यांनी यांत्रिक रेखांकन धरले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवला, पुढे १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली.

या उदाहरणातून दोन निष्कर्ष निघतात. एक, चित्रकलेतील अपात्रता ही आरेखनातील अपात्रता नव्हे. रेषा आणि रंग ही भिन्न सामर्थ्ये आहेत. दोन, या प्रवासात कलाशाळेत कमावलेली रेषा तंत्रसंस्थेत जमेस धरली गेली. सांधा जुळला म्हणून मार्ग झाला. एका असामान्य पुरुषाने स्वतःच्या बळावर जो सांधा ओलांडला, तो सामान्य विद्यार्थ्यासाठी बांधून देणे हे व्यवस्थेचे काम होय.

७. विधान

वरील चिकित्सेवरून उपाय एकाच दिशेने जातो : विद्यार्थ्याबरोबर पुढे जाणारी आरेखसंचिका. तिचे स्वरूप असे सुचवता येईल.

आठवीत सहा आरेख, विषय दृष्ट : पेटी, बाक, वर्ग, स्वतःची खोली. नववीत आठ आरेख, विषय अदृष्ट : नळाची तोटी, जिना, गावातील विहीर. दहावीत दहा आरेख. त्यांपैकी निदान तीन अनागताचे, म्हणजे शाळेच्या पाण्याच्या टाकीचा कट्टा किंवा सायकलींची शेड, कारणांच्या अर्ध्या पानासह. एकूण चोवीस. प्रत्येकावर प्रमाण, दिनांक व कोणत्या फितीने मोजले याची नोंद. गणित व चित्रकला या दोन्ही शिक्षकांची सही.

संचिका स्वतंत्र आरेखांची असण्यास या जिल्ह्यात विशेष कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडमधील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखरपट्ट्यात जातात आणि गाळप संपल्यावर परततात. सलग वर्षभर हजेरी मागणारा अभ्यासक्रम त्या घरांतील मुलांना आपोआप वगळतो. आरेख मात्र सुटा असतो. नवव्या आरेखानंतर खंड पडला तर दहाव्यापासून आरंभ करता येतो, आणि कोपीचेही, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीचेही, माप घेता येते. आयटीआय व तंत्रनिकेतन यांनी प्रवेशानंतर ही संचिका वाचावी, जे येते ते पुन्हा शिकवू नये, आणि वाचलेल्या वेळेत गणिताची राहिलेली पायरी बांधावी.

८. उपसंहार

सारांश असा. अनुरेखन, आरेखन व संकल्पन ही एकाच विद्येची तीन अंगे आहेत. त्यांना जोडणारे ज्ञान छेदाचे आहे. टप्पे विद्यमान आहेत, नियम बव्हंशी अनुकूल आहेत; न्यून सांध्यांत आहे, आणि सांधे जुळतात ते अर्जित ज्ञानाची नोंद पुढे वाचली गेली तरच.

शिक्षणाचा हा आराखडा सध्या खोलीच्या त्या पहिल्या चित्रासारखा आहे. भिंती एकेका रेषेने दाखवल्या आहेत. कोणती संस्था कोठे आहे ते कळते. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना किती जाडी पार करावी लागते, ते त्यात दिसत नाही. दुसरी रेषा काढावयाची राहिली आहे.