सिक्लिड माशांतील नर-मादी ओळख

सिक्लिड कुलातील शोभेच्या माशांमध्ये नर आणि मादी वेगळे ओळखण्याची एकच, सर्व जातींना लागू पडणारी खूण नाही. गप्पीच्या नराचा गुदपर काडीसारखा बारीक झालेला असतो आणि तो शाळकरी मुलालाही दाखवता येतो. सिक्लिडमध्ये असा अवयव बाहेरून दिसत नाही. या कुलात १७०० हून अधिक जातींची नोंद झालेली असून त्या आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर, भारत आणि श्रीलंका येथे आढळतात. त्यांची ओळख सोपी की अवघड, हे बरेचसे त्या जातीच्या संसाराच्या रीतीवर अवलंबून असते. नर-मादी जोडीने राहून पिल्ले सांभाळत असतील तर दोघे दिसायला बहुधा सारखे असतात. नर अनेक माद्यांशी जुगत असेल आणि पिल्लांचा भार एकट्या मादीवर असेल, तर दोघांत रंगाचा किंवा आकाराचा ठळक फरक पडतो. हा ठोकताळा आहे, त्याला अपवाद भरपूर. पिल्लांना मात्र तो मुळीच लागू होत नाही. दुकानात तीन-चार सेंटिमीटरचा मासा ‘नक्की मादी’ म्हणून विकला जातो, तेव्हा विक्रेता अंदाजच सांगत असतो.

एंजलफिश, डिस्कस आणि ऑस्कर हे सारख्या दिसणाऱ्या गटातले. एंजलच्या नराचे कपाळ अधिक फुगीर असते, ऑस्करचा नर मोठा होतो, अशा खुणा सांगितल्या जातात, पण त्यांवर विसंबून जोडी लावणाऱ्यांची फसगत ठरलेली. खात्रीची खूण विणीच्या एक-दोन दिवस आधी दिसते. त्या वेळी गुदद्वाराच्या मागे एक छोटा कोंब बाहेर येतो, त्याला जननांकुर म्हणतात. एंजलच्या नरात तो बारीक व टोकदार असतो, तर मादीत जाड, बोथट आणि नळीसारखा, कारण त्यातून अंडी उतरायची असतात. वीण संपली की तो पुन्हा आत जातो. नर नसेल तर दोन एंजल माद्या आपसात जोडी जमवतात. त्या पान किंवा काच घासून स्वच्छ करतात, आळीपाळीने अंडी घालतात आणि त्यांवर पहाराही देतात. दोन-तीन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडून त्यांवर बुरशी धरते. म्हणून अंडी दिसली म्हणजे जोडी जमली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

विणीची वाट न पाहता करायची परीक्षा म्हणजे जननछिद्र पाहणे. आठ-दहा सेंटिमीटरहून मोठा मासा ओल्या हातात किंवा ओल्या जाळीत उताणा धरला की पोटाच्या मागच्या बाजूस, गुदपराच्या अलीकडे, दोन छिद्रे दिसतात. डोक्याकडचे छिद्र गुदद्वाराचे, शेपटीकडचे जननमार्गाचे. नरात ही दोन्ही जवळजवळ सारखी असतात किंवा मागचे थोडे लहान असते. मादीत मागचे छिद्र स्पष्टपणे मोठे आणि आडवे रुंद दिसते. छिद्रांच्या कडा नीट उठून दिसाव्यात म्हणून मेथिलीन ब्लूचा थेंब लावतात. तिलापियाच्या शेतीत नर जलद वाढतात म्हणून कामगार याच पद्धतीने हजारो मासे हाताने निवडत आले आहेत. हौशी माणसाला एकटा मासा पाहून फारसे काही उमगत नाही. एकाच जातीचे, एकाच वयाचे चार-पाच मासे ओळीने तपासले की फरक डोळ्यांत भरतो. मासा अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ पाण्याबाहेर ठेवू नये.

पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवरात चित्र एकदम पालटते. तिथल्या बहुतेक सिक्लिड माद्या अंडी तोंडात उबवतात आणि नर त्या कामातून मोकळा असतो. औलोनोकारा, म्हणजे पीकॉक माशाचा नर निळा, पिवळा किंवा तांबूस झळकतो, तर मादी मातकट करडी असते. ऑराटसची मादी आणि पिल्ले पिवळी, त्यांवर काळे पट्टे; वयात आलेला नर मात्र जणू उलटा छापलेला, गडद अंगावर फिकट पट्टे असलेला. केन्यी या नावाने विकल्या जाणाऱ्या जातीत मादी निळसर पांढरी आणि नर पिवळा. निळा तो नर, अशी सवयीची समजूत असलेला ग्राहक इथे हमखास चकतो. यलो लॅबमध्ये दोघेही पिवळे. नराच्या श्रोणिपरावर व गुदपरावर काळा रंग अधिक गडद असतो म्हणतात, पण दबदबा असलेल्या मादीतही तो तितकाच गडद होऊ शकतो.

मलावीच्या अनेक नरांच्या गुदपरावर पिवळे-नारिंगी गोल ठिपके असतात. ते हुबेहूब अंड्यांसारखे दिसतात. मादी अंडे घालते आणि लगेच वळून तोंडात उचलते, तेव्हा ते अजून फळलेले नसते. नराच्या परावरील ठिपके अंडीच समजून ती त्यांवर तोंड मारते आणि त्या क्षणी नराचे वीर्य तिच्या तोंडात जाते, अशी उपपत्ती वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ मध्ये मांडली. ठिपक्यांचे काम एवढेच की प्रतिस्पर्धी नरांना दटावण्याचेही, यावर पुढे वाद झाला. ओळखीपुरते सांगायचे तर मादीच्या परावरही ठिपके असतात. ते फिकट आणि थोडे असतात इतकेच. ठिपका आहे म्हणून नर ठरवणे चुकीचे.

रंगाच्या बाबतीत मोठी अडचण अशी की तो लिंगाइतकाच माशाचा दर्जाही सांगतो. एका टाकीत एक दांडगा नर असला की बाकीचे नर मार टाळण्यासाठी मादीच्या रंगात राहतात. दांडगा नर काढला किंवा मेला की ‘माद्यां’पैकी एक आठवडाभरात निळी-काळी होते आणि मालकाला वाटते, माशाने लिंग बदलले. बहुतेक वेळा तो आधीपासून नरच असतो. दक्षिण अमेरिकेतील क्रेनिकारा पंक्टुलाटा या जातीत मादीचे नरात रूपांतर खरोखर होते, पण ती अपवादात्मक जात आहे. व्यापारात आणखी एक लबाडी चालते. नर-संप्रेरके खाऊ घालून पीकॉकच्या करड्या माद्यांवर रंग चढवतात. घरी आणल्यावर काही आठवड्यांत तो उतरतो.

मलावीच्या काही जातींत नारिंगी अंगावर काळे डाग असलेले मासे जवळजवळ नेहमी माद्या निघतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा उलगडा झाला. डागांचे जनुक आणि मादीपण ठरवणारे जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने ते बहुधा सोबतच पुढच्या पिढीत जातात.

केवळ आकारावरून ओळख पटण्याचे टोकाचे उदाहरण टांगानिका सरोवरातील लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस. नराचे वजन मादीच्या सरासरी बारा पट भरते. नराला गोगलगाईचे रिकामे शंख तोंडात उचलून आपल्या जागेत आणावे लागतात आणि मादीला त्याच शंखात शिरून अंडी घालावी लागतात. त्यामुळे एकाला मोठे होण्यावाचून आणि दुसरीला लहान राहण्यावाचून गत्यंतर नाही. त्याच सरोवरातील ज्युलिडोक्रोमिस मार्लिएरीमध्ये मादीच मोठी असते.

बुटक्या सिक्लिडमध्ये नवख्यालाही चटकन नजर बसते. पश्चिम आफ्रिकेतील क्रिबच्या मादीचे पोट जांभळट लाल आणि गोलसर असते. नर लांबट, त्याच्या पृष्ठपराचे टोक निमुळते. रॅमच्या मादीच्या पोटावर गुलाबी झाक येते आणि अंगावरील काळ्या डागात निळे खवले चमकतात. नराच्या पृष्ठपराचे पुढचे काटे लांब असतात. मध्य अमेरिकेतील काळ्या पट्ट्यांच्या कॉन्व्हिक्टमध्ये पोटावरचे नारिंगी खवले मादीचे, तर नर मोठा पण रंगाने फिका. अपिस्टोग्रामाची मादी अंडी सांभाळताना पिवळीधमक होते. पण तिच्यासारखा दिसणारा, वीण चालू असताना हळूच घुसणारा छोटा नरही याच गटात सापडतो. या माशांत पिल्लांचे लिंग पाण्यावरही ठरते. अपिस्टोग्रामाची पिल्ले पहिले काही आठवडे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास वाढली तर नर जास्त निघतात, २३ अंशांच्या आसपास माद्या. क्रिबमध्ये आम्लधर्मी पाण्यात नरांचे प्रमाण वाढते.

फ्लॉवरहॉर्न आणि ब्लड पॅरट हे माणसाने घडवलेले संकर. फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरील उंचवटा नरात मोठा असतो, पण माद्यांनाही तो येतो. पृष्ठपरावरील काळे ठिपके मादीचे लक्षण मानतात, तेही ठाम नाही. इथे जननछिद्र पाहणे हाच मार्ग. ब्लड पॅरटच्या माद्या नियमाने अंडी घालतात, परंतु नर बहुतेक वंध्य असल्याने ती वाया जातात.

सारख्या दिसणाऱ्या जातींसाठी जाणकार सहा-आठ पिल्ले एकत्र वाढवतात, आपोआप जमलेली जोडी वेगळी करतात आणि बाकीचे मासे दुसरीकडे देतात. वीण पाहता आली तर शंका उरत नाही. पानावर पोट टेकवून अंड्यांची ओळ लावत जाणारी मादी, तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून सरकणारा नर. दोघेही ओळ लावू लागले तर दोन्ही माद्या.

भारतातील मूळचे सिक्लिड थोडे. त्यांपैकी कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारे काळुंदर, म्हणजे केरळचे करीमीन, जोडीने पिल्ले सांभाळणारे आहे आणि त्यात नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात. बाजारातून आणलेल्या काळुंदरांत मादी कोणती, हे पोट चिरून गाभोळी हाती लागल्यावरच कळते.