मुंबईची कौले आणि प्लेगची वाट

घराला छप्पर कशाचे घालावे, हा प्रश्न आज आपण खर्च, टिकाऊपणा आणि उकाडा यांच्या हिशेबाने सोडवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हाच प्रश्न शास्त्रज्ञांच्या एका प्रयोगात आला, आणि तेथे तो जीवनमरणाचा ठरला. आजचा धागा त्या प्रयोगाविषयी आहे. मात्र त्याआधी त्या काळच्या छपरावर चढून पाहिले पाहिजे.

मुंबई-कोकणातल्या सामान्य घरावर तेव्हा नळीची देशी कौले असत. कुंभार चाकावर मातीची नळी घडवी, ती ओली असतानाच तिचे उभे दोन भाग करी आणि मग वाळवून भट्टीत भाजी. छपरावर एक ओळ उताणी आणि तिच्या कडांवर दुसरी पालथी, अशी ही कौले बसत. हातघडणीमुळे कोणतीही दोन कौले तंतोतंत जुळत नसत. म्हणून गळती रोखायला थरावर थर चढवावे लागत. छप्पर वजनदार होई, वासे-तुळयांवर भार पडे, पण थरांमधल्या कोंडलेल्या हवेमुळे घर गार राही. वारा, मांजरे आणि माकडे यांनी सरकवलेली कौले दरवर्षी मृगाआधी पुन्हा नीट लावावी लागत. तीच शाकारणी. कौले गावच्या कुंभाराकडची, मजुरी घरची, त्यामुळे हे छप्पर गरिबालाही परवडे.

याच थरांमध्ये, आढ्यापासून वळचणीपर्यंत, आणखी एका कुटुंबाचा संसार चाले. काळा उंदीर हा पट्टीचा चढणारा. तपकिरी उंदराला गटार प्रिय, तर याला माळा आणि छप्पर. दोन कौलांमधली उबदार, कोरडी, माणसाच्या हाताला न लागणारी पोकळी त्याला आयतीच मिळे.

दुसरा पर्याय चपट्या, खाचेच्या कौलांचा होता. आल्सास प्रांतातल्या आल्टकिर्च येथील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचे पेटंट घेतले. आल्टकिर्चपासून बाझेल शहर जेमतेम तीस किलोमीटर. त्या बाझेलच्या मिशनमधल्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू येथे, नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरानंतर जातीने वाळीत टाकलेल्यांना रोजगार मिळावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. साच्यात दाबून काढलेले मंगलोरी कौल दोन ते तीन किलोंचे, सर्व एका मापाचे. एका कौलाची खाच दुसऱ्यात बसते, त्यामुळे एकच थर पुरतो आणि छप्पर हलके होते. पण त्यासाठी रिपा नेमक्या अंतरावर ठोकाव्या लागतात. वाकड्यातिकड्या वाशांवर नळीचे कौल निभावून जाते, मंगलोरी कौल जात नाही. सुताराचा खर्च वाढतो तो इथे.

तिसरा पर्याय पत्र्याचा. हेन्री रॉबिन्सन पामर यांनी लंडनच्या गोदीसाठी १८२९ साली पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. पुढे जस्ताचा मुलामा आल्याने तो गंजाला तोंड देऊ लागला. तो हलका आणि झटपट बसणारा खरा, परंतु वैशाखात त्याखाली झोपून पाहिलेल्या माणसाला त्याचे दोष सांगावे लागत नाहीत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी बंदराजवळची, धान्याच्या गुदामांनी भरलेली वस्ती. हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेगचा जंतू सापडला होता, परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच सांगता येत नव्हते. अधिकाऱ्यांचा संशय घाण, ओल, अंधार आणि कोंदट हवा यांवर होता. त्यातून जे उपाय निघाले, त्यांत एक थेट छपरावरचा होता: रोग्याच्या घराची कौले उतरवायची, म्हणजे ऊन-वारा आत येईल. रोग्यांना बळाने हलवणे, घरांची झडती, सामानाची जाळपोळ यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. पुण्यात त्या संतापातून १८९७ मध्ये रँडचा वध झाला. कौले उतरवण्याचा उल्लेख मात्र सहसा एका ओळीत संपतो. माझ्या मते तो एवढा किरकोळ नाही. उंदरांचे घर मोडले की उंदीर शेजारच्या छपरात जाणार. त्यामुळे या उपायाने रोग पसरायला हातभारच लागला असेल, असे मानायला जागा आहे.

लोकांची समज इथे सरकारी समजुतीपेक्षा पुढे होती. ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे खेडोपाडी कळून चुकले होते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरची पिसू रोग वाहते, असे दाखवले. पहिल्या प्लेग आयोगाला तो पुरावा पटला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी पिसूचा धागा पुन्हा हाती घेतला, आणि १९०५ पासून नव्या आयोगाचे काम सुरू झाले.

या आयोगाचा प्रयोग विलक्षण साधा होता. मुंबईतल्या नेहमीच्या घरांसारखी सहा छोटी घरे बांधली, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. फरक फक्त छपराचा. पहिल्या जोडीवर देशी कौले, दुसरीवर चपटी कौले, तिसरीवर पन्हळी पत्रा. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी ताणली. तिच्यातून उंदीर किंवा त्याची लेंडी खाली येऊ शकत नव्हती. पिसू मात्र येऊ शकत होती. मग उंदरांना छपरात बिऱ्हाड थाटायला वेळ दिला. देशी कौलांत ते लगेच रुळले, चपट्या कौलांत बेताने, पत्र्याखाली त्यांना थाराच मिळाला नाही.

त्यानंतर जमिनीवर गिनी पिग सोडले, काही निरोगी आणि काही प्लेगचा जंतू टोचलेले. देशी कौलांच्या घरात पिसवा सर्वांत जास्त होत्या, आणि तिथेच रोग झपाट्याने पसरला. चपट्या कौलांखाली तो कमी पसरला. पत्र्याच्या घरात पिसवाच नव्हत्या. तेथे टोचलेले प्राणी मेले, पण त्यांच्या अंगाला अंग लावून राहिलेले निरोगी प्राणी जगले. पिसवांविना ठेवलेल्या रोगी आईचे दूध पिणारी पिल्लेही वाचली. पत्र्याच्या घरात मुद्दाम पिसवा सोडल्या, तेव्हा मात्र तिथेही साथ आली. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी बचावले, कारण पिसूची उडी तेवढी उंच जात नाही. घाण, ओल आणि कोंदट हवा हे मुख्य आरोपी या सहा घरांनी निर्दोष ठरवले. उंदीर मेला की थंड पडलेले शरीर सोडून पिसू खाली उतरते आणि नवा देह शोधते, एवढीच ती वाट होती.

मग मुंबईने रातोरात पत्रे चढवले का? नाही, आणि यात लोकांचे अज्ञान शोधणे अन्यायाचे होईल. चाळीतला भाडेकरू छप्पर निवडतच नसे. ते मालक निवडे, आणि मालक खर्च पाही. ज्याचे स्वतःचे घर होते, त्याच्यापुढेही उन्हाळ्यात भाजून निघणे किंवा सुतार व लाकूड यांवर जास्तीचा पैसा घालणे, एवढेच पर्याय होते.

जावा बेटाने या कथेला उलटे वळण दिले. तेथे १९११ साली मलांग भागात प्लेग फुटला. गवती छपरे आणि बांबूचे वासे ही तेथील नेहमीची बांधणी. बांबूच्या उघड्या टोकातल्या पोकळीत उंदीर घरटी करत. डच सरकारने पोकळ बांबूंच्या जागी लाकूड आणि गवताच्या जागी एकेरी थराची कौले घालण्याची मोहीम हाती घेतली. ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालली आणि तीत दहा लाखांहून अधिक घरांची बांधणी बदलली. खर्चाचा काही भाग कर्ज म्हणून घरमालकांच्याच माथी बसला, आणि घर पुन्हा तपासायला सरकारी निरीक्षक दारात येत राहिले. मुंबईत ज्या कौलाखाली उंदीर लपला, त्याच्याच चपट्या भावंडाने जावात त्याला घराबाहेर काढले. कारण त्या एकेरी थराकडे खालून पाहिले की लपायला जागाच उरत नव्हती.